जनाबाईचा गुडघा

मेलेल्या बाईचा गुडघा बरा झाला म्हणून मी तिच्या नवऱ्याचं अभिनंदन केलं. फोनवर, मोठ्या उत्साहात. चूक सर्वस्वी माझी. सोमाजी फक्त "बरं जी" म्हणाले होते.

गोंदियातल्या एका दवाखान्यात गुडघा बदललेल्या रुग्णांची नोंद मी ठेवत असे. ऑपरेशन चांगलं झालं हे डॉक्टरांनी सांगून भागत नाही. रुग्णाला स्वतःला काय वाटतं, ते दर तीन महिन्यांनी फोन करून विचारायचं. दुखणं शून्य ते दहापैकी किती, जिना चढता येतो का, झोप लागते का. उत्तर रुग्णाच्याच तोंडचं हवं, असा नियम. पण कामठ्याच्या जनाबाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून सोमाजी त्यांना विचारून मला सांगत. मी ते चालवून घेतलं.

सोमाजी पदरचं एक अक्षर घालत नसत. "मी कोन सांगनारा? जिचं दुखनं, तिनं सांगावं." मग तोंड फिरवून ओरडत, "का वं, दुखते का?" जिन्यावरून तर आमचं दर वेळी भांडण.

"आमच्या घरी जिना नाही जी. शेजाऱ्याच्या माळ्यावर चढवून पाहू का? पडली तर तुमी याल?"

"अंदाजे सांगा."

"अंदाजानं दुखते का कोनाले?"

पहिल्यांदा दुखण्याचं उत्तर आलं नऊ. पुढच्या वेळीही नऊ, आणि मागून कण्हणं. मी नऊ लिहिले. त्यानंतरच्या फोनला शून्य. मागे सगळं शांत. तेच ते अभिनंदन.

वर्ष भरल्यावर कागदावर रुग्णाचा अंगठा लागे, म्हणून मी कामठ्याला गेलो. भर दुपारीही खोलीत अंधार होता. कोपऱ्यात खाट, ताणून घातलेली चादर, गुडघ्याच्या जागी उशी. बाई मागे न्हाणीत असतील, असं वाटलं. सोमाजी खाटेवर वाकले.

"गोंदियाचे साहेब आले वं. झोप लागते का, इचारतेत."

आणि कान देऊन थांबले. बाहेर धान मळण्याचं यंत्र चालू होतं, ते नेमकं बंद पडलं. उशी जराशी दबल्यासारखी दिसली. मीही पेन उघडून थांबलो होतो.

"लागते म्हंते."

मी लिहायला लागलो, आणि अर्ध्यातच पेन उचलून खाटेकडं पाहिलं.

"सोमाजी, बाई कुठं आहेत?"

"पोळ्याच्या आधीच गेली. गुडघ्यात पू झाला, ताप चढला."

"मग फोनवर सांगितलं का नाही?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी दुखते का इचारलं. नाही दुखत."

त्यांनी उशी सारखी केली. "एकटा बोललो तर लोकं पागल म्हंतेत जी. फोन कानाले असला का कोनी काही म्हनत नाही. तेवढंच तिच्याशी बोलनं होते."

मी कागद आवरायला लागलो.

"एक सांगा साहेब. ती नऊ म्हने, तवा तुमी लिहून राहिले होते ना? मंग वाचत कोन होतं?"

रकाना रिकामा राहिला की आमच्याकडे ओरड व्हायची. नऊवर कुणी ओरडलं नाही.

"कोणी नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांची खोली माझ्या टेबलाच्या शेजारीच होती. मी उठून गेलो नाही. सोमाजी, चुकलं माझं. मला माफ करा."