अंगुस्तानी वजिराची मोहीम

आज्ञा जाहली की, शिंप्याच्या दुकानी पंख्याखालील खुर्चीकरिता जंग कैसे जाहले, ते साद्यंत लिहिणे. त्यावरून, पाहिले ते खरे आणि न पाहिले ते त्याहून खरे, ऐसे जाणोन लिहितो.

दुकानी पंखा एक, खुर्ची एक. तीवर शिंपीमहाराज आणि त्यांचे मेहुणे, घड्याळदुरुस्तीचे सरदार, उभयतांचा दावा. मग मसलत ठरली की बुद्धिबळे मांडावी. जिंकेल त्याने उन्हाळाभर तख्ती बसावे, हरेल त्याने दाराशी घाम पुसावा. महाराजांकडे पांढरी फौज, तिचा वजीर पूर्वीच गहाळ. त्याचे जागी महाराजांचे अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणोन बोटात घालायची पितळी टोपी, वजिरी देऊन उभे केले.

महाराजांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे रेटले, सरदारांनीही तैसेच रेटले. मग महाराजांनी शेजारच्या उंटापुढील प्यादे नजराणा म्हणोन पुढे केले आणि सरदारांनी ते गट्ट केले. पुढे ऐसी कत्तल जाहली की काळा वजीर कामास आला, पांढऱ्या वजिरापुढील वाट या टोकापासोन त्या टोकापावेतो ओस पडली, आणि काळा राजा तीन प्याद्यांचे तटाआड दडला. इतक्यात एक गिऱ्हाईक छातीचे बटण तुटले म्हणोन आले. महाराजांनी नजर पटावरच ठेवून, सवयीने अंगुस्तान बोटात चढवले आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरच सदऱ्याला टाके घालू लागले, मध्येच एखादे प्यादे सरकवू लागले.

सरदार पाहतात तो वजीर गारद! हर्ष पोटात मावेना. दोन्ही हत्ती मुलूखगिरीस धाडले, राजाचे घर उघडे टाकले.

तो शिंपीणबाई गरजल्या, "अहो, बोटात काय आहे ते बघा!"

महाराजांनी वजीर स्वस्थानी उतरवला.

सरदार खवळले, "भाऊजी, मेलेला वजीर उठतो होय?"

"मेला? मग तुझ्या कैदेत दाखव की!"

सरदारांनी कैदी चाचपले; घोडे निघाले, उंट निघाला, वजीर निघेना. मग अंगुस्तान ओस वाटेने सुसाट निघाले, ते शेवटल्या रांगेत. शह आणि तीच मात.

महाराज विजयोन्मादे उठले, तो गिऱ्हाईकही उठले. बटणासमवेत महाराजांची डावी बाही गिऱ्हाइकाचे छातीस शिवली गेली होती! दोघे एका खुर्चीत मावेनात. बाईंनी कात्री पाठीमागे धरून फर्मान काढले, "आधी खुर्ची, मग कात्री."

तह जाहला. येणेप्रमाणे महाराज फत्ते पावोन, पराभूत सरदारांशेजारी दाराशी घाम पुसत बसले. पंख्याखाली बाई बसल्या. विजय मात्र महाराजांचाच लिहावा, ऐसा बाईंचा हुकूम, म्हणोन लिहिला.