खडतरे यांच्या अडेल बंदुकीची हकीकत

विघ्नहर्त्यास नमन, ज्याचे कृपेने कोंडल्या वाऱ्यासही वाट मिळते; कुळस्वामिनीस नमन, जिचे कृपेने वाट चुकल्यास घर मिळते; आणि वाचणारांस रामराम, त्यांनी कृपा करोन मध्येच उठोन जाऊ नये. शके सतराशे आणि वर काही, वरचा आकडा कसरीने खाल्ला त्यास आमचा इलाज नाही, पराभवनाम संवत्सरी एक राज्य होते, त्याचे नाव लिहावे तर दोन घराणी भांडावयास येतील म्हणोन लिहीत नाही. त्या राज्यी सिदोजीराव खडतरे म्हणोन सरदार होते, मिशा भरघोस, मन मोकळे आणि जीभ त्याहून मोकळी. यांचे घराण्याकडे पिढीजात मान ऐसा की दसऱ्यास महाराज सीमोल्लंघनास निघाले म्हणजे पहिला बार खडतरे यांनी काढावा, मग नगारा वाजावा, मग हत्तीने पाऊल उचलावे. आषाढमासी भर दरबारी त्यांचे चुलतबंधू मानाजीराव, धाकट्या पातीचे म्हणजे घराण्याचे धाकट्या शाखेचे, सहज म्हणोन बोलिले, "गेल्या दसऱ्याला दादांची बंदूक दोनदा ठासावी लागली बुवा. हत्ती बिचारा एक पाय वर धरून उभा!" दरबार हसला. मग सिदोजीराव यांचे मस्तक फिरले आणि ते उठोन म्हणाले, "महाराज, यंदा मी घरी बसून, माझ्या हातानं अशी बंदूक जुळवतो, की जी आपली आपण रिकामी पुंगळी फेकील आणि आपलं आपण नवं काडतूस घेईल. मी फक्त चाप ओढणार. पाच मडकी टांगा, पाची फोडतो. मध्ये हात लावावा लागला, तर पहिल्या बाराचा मान मानाजीच्या दारात नेऊन बांधा!" महाराज ते समयी विडा चघळीत होते, त्यांनी मान हलविली. ती विड्यापायी हलविली की होकारार्थ, हे आजवर कोणास कळले नाही, परंतु कारकुनाने टिपोन घेतले आणि हुकूम जाहला.

हे वर्तमान घरी पोहोचताच सरदारांच्या कबिला, म्हणजे पत्नी, सगुणाबाईसाहेब वाट पाहातच होत्या. म्हणाल्या, "झालं समाधान? घराण्याचा मान म्हणजे काय सुपारीचं खांड, दिसेल त्याच्या तळहातावर ठेवायला? मामंजी शेवटच्या दुखण्यातसुद्धा अंथरुणावरून उठून बार काढायला गेले होते. मी त्यांना धरून पालखीत बसवलं होतं." यावर सिदोजीराव पागेत घोडे पाहावयास गेले, वास्तविक घोडे सकाळीच पाहिले होते.

मग सामान आले. नळी एका मुलुखातून आली, कमान दुसऱ्या, काडतुसांची पेटी तिसऱ्या, आणि दस्ता घरच्या शिसवीचा. सरदारांनी माजघरी पाट मांडून जुळणी आरंभिली आणि एक वेळ बंदुकीचा घोडा उलटा बसविला, एक वेळ कमान सुटोन लोणच्याचे बरणीत गेली, ती सगुणाबाईसाहेबांनी कैरीचे फोडीसमेत काढून दिली. परंतु खडतरे यांचे घरी वहिवाट ऐसी की हत्यार जोडण्यापूर्वी त्याची अंगपूजा व्हावी. अंगपूजा म्हणजे देवाची जैसी पायापासून मस्तकापर्यंत एकेक अंग पूजितात, तैसी हत्याराची. कुलोपाध्याय वेदमूर्ती विसोबाभट बसले आणि दस्त्यास चरण म्हणोन फूल वाहिले, चापास कटी म्हणोन अक्षता वाहिल्या, आणि नळी हाती घेतली तो तिजवर एक बारीक छिद्र दिसले. विसोबाभट गहिवरोन म्हणाले, "पाहिलंत? कारागीर परमुलखातला, पण संस्कारी! टिळ्याला जागा ठेवलीय!" आणि त्या छिद्री गंधाचा गोळा भरोन वर अक्षत रोविली. आता वाचणारांस येथेच सांगतो. ऐसिये बंदुकीची अवघी करामत त्या छिद्री असते. बार उडाला की दारूचा वारा गोळीमागे धावतो, त्यातील थोडा छिद्रावाटे निसटोन पोलादी ठोकळ्यास मागे ढकलितो, ठोकळा जाता जाता रिकामी पुंगळी फेकितो आणि येता येता नवे काडतूस पुढे सारितो. हे आम्हांस मागाहून कळले. ते समयी कोणासच कळत नव्हते आणि सर्वांस कळल्यासारखे वाटत होते.

मग मळ्यात नेऊन पहिली परीक्षा केली. धडाड करोन बार उडाला, सर्वांनी वाहवा केली, पुन्हा उडाला, आणि तिसऱ्यास बंदूक गप्प. पुंगळी अर्धी आत अर्धी बाहेर, दारात अडलेल्या पाहुण्यासारखी. मग मसलत बसली. एक म्हणाला तेल कमी, तेल घातले. एक म्हणाला तेल फार, तेल पुसले. एक म्हणाला कमान ताठ आहे, ती उन्हात ठेविली, एक म्हणाला ढिली आहे, ती विहिरीत सोडिली. कोणी काडतुसांस दोष दिला, कोणी पेटीस, कोणी सरदारांचे खांद्यास. आम्हांसही विचारिले, आम्ही जेवणाची वेळ झाली ऐसे सांगितले, आणि इतक्या मसलतीत खरे तेवढे तेच होते. प्रत्येक इलाजापूर्वी बंदूक सुटी करावी आणि प्रत्येक जोडणीपूर्वी, वहिवाटीप्रमाणे, अंगपूजा करावी, आणि विसोबाभटांनी छिद्री नवा टिळा भरावा, ऐसे चालिले. टिळा बारासरशी थोडा जळोन जातो हे पाहून विसोबाभट कष्टी जाहले. "हत्यार टिळा धरत नाही, हे काही बरं लक्षण नाही. वहिनीसाहेब, उद्याच्या गंधात थोडा डिंक उगाळा." सगुणाबाईसाहेबांनी डिंक घातला. मग बंदूक दोन बारांवरोन एकावर आली. मग विसोबाभटांनी गंधात चिकटपणास लाख घालावयास लाविली, आणि टिळा ऐसा बसला की बार उडाला तरी अक्षतही हलेना. भटजी संतोष पावले. बंदूक एक बार करी आणि मौन धरी. सरदार तिजपाशी बसोन म्हणत, "बाई गं, तुझं दुखतंय तरी काय?" परंतु ती काय सांगणार, तिचे तोंडच बांधिले होते.

मानाजीराव रोज सायंकाळी सहज म्हणोन येत आणि कट्ट्यावर बसोन विचारीत, "काय दादा, किती झाले?" सिदोजीराव म्हणत, "एक." मानाजीराव म्हणत, "वा! सुरुवात झाली म्हणायची." ऐसे होता होता भाद्रपद सरत आला आणि सरदारांस अन्न गोड लागेनासे जाहले. एके रात्री जेवता जेवता ताट सारोन, वडिलांचे आठवणीने, म्हणाले, "आबांच्या हातचा मान माझ्या हातून जाणार गं," आणि डोळा पुसला, आणि सगुणाबाईसाहेबांनी ते समयी टोमणा न मारिता पाण्याचा तांब्या पुढे केला. खडतरे यांचे घरी ऐसे कधी घडले नव्हते.

तो दैवगती कैसी! धाकट्या पातीकडील गोजराकाकी, वय फार, नातवंडे पतवंडे पाहिलेल्या, निजल्या जागी शांतपणे गेल्या. दोन्ही पात्यांस सुतक आले. सुतकात देवपूजा नाही, अंगपूजा नाही, गंध नाही, अक्षता नाहीत. सगुणाबाईसाहेबांनी रिवाजाप्रमाणे घर धुवोन काढिले, भांडी राखेने घासिली, आणि माजघरी बंदुकीचे अवयव पसरोन पडिले होते ते तेलकट पाहून तेही आधणाचे पाण्यात टाकोन काथ्याने घासिले. सरदारांनी निरुपायाने, पूजेवाचून, जीव मुठीत धरोन बंदूक जोडिली आणि मळ्यात नेली. चाप ओढिला. धडाड. पुंगळी टणकन बाहेर. धडाड, टणकन. पेटी अवघी रिकामी जाहली आणि बंदूक आणखी मागू लागली! सरदार खाली बसोन ओक्साबोक्शी रडिले आणि म्हणाले, "गोजराकाकी, जाता जाता पदरात टाकलंस गं!" मसलतकारांनीही श्रेय सोडिले नाही. कमान विहिरीत सोडणारा म्हणे माझी विहीर, उन्हात ठेवणारा म्हणे माझे ऊन.

अष्टमीस सुतक फिटले. नवमीस, जी खंडेनवमी, ज्या दिवशी घरोघरी हत्यारे पूजितात, विसोबाभट लाखेची वाटी घेवोन हजर. पाठीमागची राहिलेली पूजा एकदम करावी म्हणोन टिळा दुप्पट भरिला. सायंकाळी सरदार हर्षे मळ्यात गेले. धडाड. आणि मौन. दुसरे दिवशी दसरा. सरदारांचे तोंडचे पाणी पळाले आणि मग त्यांनी जे केले ते लिहिताना आमची लेखणी अडखळते, तरी लिहितो. ते तसेच उठोन मानाजीराव यांचे घरी गेले आणि ओसरीवर उभे राहोन विचारिले, "मानाजी, घरात आणखी कुणी दुखणाईत आहे का रे?" मानाजीराव भडकोन म्हणाले, "दादा! माझ्या घरातली मरणं मोजायला आलात?" आतून त्यांचे वृद्ध चुलते दाजीकाका, अंथरुणास खिळलेले, खोकत म्हणाले, "सिदोजी, उद्यापर्यंत माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही बाबा. पण प्रयत्न करतो." सरदार लाजेने काळवंडले आणि दाजीकाकांचे पाय धरोन घरी आले.

घरी सगुणाबाईसाहेब चुलीपुढे बसल्या होत्या आणि फुंकणी फुंकीत होत्या, आणि फुंकणीत काजळी अडकल्याने धूर होत होता. त्यांनी फुंकणी आपटोन मोकळी केली, फुंकर मारिली, जाळ भडकला, आणि त्या तैशाच थांबल्या. मग हाक मारिली, "अहो, इकडे या आधी! सुतकात मी घासलं तेव्हा त्या नळीतून लाखेचा खडा निघाला होता. तेव्हा बंदूक चालली. आज भटजींनी पुन्हा भरला, बसली! फुंकणीत गंध कोंबलं तर चूल पेटेल का? आणि तो डिंक मीच उगाळून देत होते, मेलं माझं लक्ष कुठं होतं!" सरदारांनी नळी दिव्यापुढे धरिली आणि छिद्र पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे जितकी पूजा केली तितका गळा दाबला आपण तिचा." सुई तापवोन दोघांनी मिळोन लाख काढिली.

दसऱ्यास सीमेवर अवघे राज्य लोटले. दोरीस पाच मडकी टांगिली होती. सरदार पुढे जाहले तो विसोबाभट वाटी घेवोन आडवे आले, "टिळा पुसलात? आज? सणाच्या दिवशी?" मानाजीरावांनी संधी साधोन मोठ्याने म्हटले, "टिळ्यावाचून खडतऱ्यांचं हत्यार आजवर सुटलेलं नाही! आबाकाकांनी तरी असं केलं असतं का?" आबांचे नाव ऐकताच सरदारांनी बंदूक खाली केली. लोक कुजबुजू लागले. टिळा लावावा तर मान जातो, न लावावा तर वडिलांची वहिवाट जाते, ऐसे दुहेरी संकट. सरदारांनी मागे पाहिले. मेण्याचे पडद्याआडोन सगुणाबाईसाहेबांनी मान हलविली, आणि ती विड्यापायी नव्हती. मग सिदोजीराव यांनी पगडी काढिली, गुडघे टेकिले, मस्तक लवविले आणि म्हणाले, "भटजी, वहिवाट मोडायची नाही. हत्याराचा टिळा माझ्या कपाळाला लावा. बार चुकला तर फुटायचंय ते माझंच कपाळ." विसोबाभटांनी लाखेसुद्धा टिळा लाविला, तो सरदारांस आठ दिवस निघाला नाही. पुढे बंदूक खांद्यास लागली आणि पाच बार ऐसे निघाले की मध्ये पापणी लवावयास फुरसत नाही, पाची मडकी फुटली, पाच पुंगळ्या उडाल्या, पैकी एक तापलेली आमचे मानेवरोन अंगरख्यात गेली आणि आम्ही केलेले नृत्य लोकांनी विजयाचे समजोन वाखाणिले. नगारा वाजला, हत्तीने पाऊल उचलिले. महाराजांनी मान हलविली, तोंडात विडा नव्हता. मानाजीराव पुढे येवोन सोने देत म्हणाले, "दादा, जिंकलात. पण आमच्या घरी परत तब्येत विचारायला येऊ नका." 

एवंच काय, बंदूक बिघडली नव्हतीच, तिला श्वास हवा होता. तेव्हापासोन खडतरे यांचे घरी खंडेनवमीस हत्यारास फूल वाहातात आणि टिळा मालकाचे कपाळी लावितात. दाजीकाका त्या दिवशी मेण्यात बसोन बार पाहावयास आले होते, त्यांनी सिदोजीरावांस जवळ बोलावोन कानात विचारिले, "आता घाई नाही ना बाबा?" सिदोजीराव म्हणाले, "नाही काका, मुळीच नाही." मग ते पुढे पुष्कळ वर्षे जगले, आणि सिदोजीराव दर दसऱ्यास प्रथम त्यांचे पाया पडत, मग बार काढीत.