इगतपुरीपर्यंत टेस्ट ड्राइव्ह

विनीत पाटकरची कंपनी वागळे इस्टेटमधून उठून इगतपुरीला जाणार हे नक्की झालं, तेव्हापासून त्याच्या डोंबिवलीच्या घरात जेवताना डिझेल, झोपताना डिझेल आणि सकाळी चहाबरोबर पुन्हा डिझेल, एवढाच विषय उरला होता. साहेब म्हणाले होते, तिकडेच खोली घेऊन राहा. पण बाबा आता फक्त रविवारी दिसणार हे ऐकून पहिलीतल्या सान्वीने असं भोकाड पसरलं, की खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. तेव्हा रोज जाऊन-येऊन करायचं ठरलं. समृद्धी महामार्ग होता, गाडी चालवायचा सराव होता. नव्हती ती फक्त गाडी.

"एवढ्या रनिंगला डिझेलच पाहिजे," विनीत सांगायचा. "सेकंडहँड चालेल, पण एका हातातली. अ‍ॅव्हरेज तगडं."

"आणि मागे माणसं बसतील अशी," संचिता म्हणायची. "परवा बघून आलेलो तिच्यात सान्वीचे पाय पण मावत नव्हते."

शेवटी मोबाइलवर एक जाहिरात दिसली. घोडबंदर रोडला ओवळ्याजवळची पांढरी डिझेल गाडी. मालक एकच, सिल्वेस्टर नावाचे रिटायर्ड गृहस्थ. खाली लिहिलं होतं, 'गाडी फक्त रविवारी सकाळी दाखवली जाईल. कुटुंबासह यावे.'

"बघ, किती सज्जन माणूस," विनीत म्हणाला.

रविवारी तिघं ओवळ्याला पोचले, तेव्हा गाडी अंगणात धुऊनपुसून उभी होती. सिल्वेस्टर अंकल कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या शेजारी उभे होते, आणि पायरीवर बसलेल्या बिट्रिस आंटीच्या केसांत ताजं फूल होतं. गाडी विकायला निघालेल्या घरात एवढा उत्साह विनीतने कधी पाहिला नव्हता.

"जरा कॉलनीत एक राउंड मारून बघतो, अंकल."

"कॉलनीत?" सिल्वेस्टर दुखावले गेले. "अरे पोरा, डिझेल गाडी कॉलनीत बघतात काय? तुला रोज कुठं जायचंय?"

"इगतपुरी."

हा शब्द ऐकताच आंटी पायरीवरून उठल्या आणि त्यांनी छातीवर क्रॉस काढला. सिल्वेस्टरनी विनीतचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मग हायवेलाच घ्यायची. आणि अ‍ॅव्हरेज काढायचं तर शास्त्रशुद्ध. आधी टाकी फुल करायची, चालवायची, परत फुल करायची. किती गेलं ते बरोबर कळतं."

विनीतला हे मनापासून पटलं. डिझेलचा काटा तळाला टेकला होता. डिझेल, रीतीप्रमाणे, घेणाऱ्याने भरायचं होतं.

"रिकामी गाडी काय, कुणीपण पळवेल," सिल्वेस्टर पुढे म्हणाले. "लोड टाकून बघ." आणि विनीत हो म्हणायच्या आत डिकीत तांदळाचं पोतं गेलं. त्यामागून नारळ, मासळीचा बर्फाचा डबा, घरी कुटलेल्या बॉटल मसाल्याच्या बरण्या आणि शेवटी घडी घातलेला एक लाकडी पाळणा.

"पाळणा कशाला?" संचिताने विचारलं.

"खडखड होते का ते कळतं ना, बाय," आंटी म्हणाल्या आणि पर्स घेऊन मागच्या सीटवर बसल्याही. "एसी मागं लागतो की नाही, ते मागं बसणाऱ्यानंच सांगितलं पाहिजे."

सिल्वेस्टर पुढे बसले. मागे आंटी, संचिता आणि मधे सान्वी. ओवळ्याच्या पंपावर टाकी फुल करून गाडी निघाली.

कापूरबावडीला रविवार असूनही सगळं ठप्प होतं. "क्लच टेस्ट," सिल्वेस्टर समाधानाने म्हणाले. माजिवड्याला एक टेम्पो आडवा आला. "ब्रेक टेस्ट." भिवंडी बायपासला खड्डे लागले, तेव्हा पाळणा जरासुद्धा वाजला नाही, आणि आंटींनी मागून टाळ्या वाजवल्या. विनीत दर पुलाला "आता इथून वळू या" म्हणत होता, आणि सिल्वेस्टर दर पुलाला "अजून इंजिन कुठं तापलंय?" म्हणत होते.

बघता बघता आमण्याचा नाका आला आणि गाडी समृद्धीवर चढली. तिथे मधेच वळता येत नाही, हे विनीतला चढल्यावर आठवलं.

"शहापूरला उतरतो मी," तो ठामपणे म्हणाला.

शहापूरची पाटी दिसली. विनीतने डावा इंडिकेटर दिला. नेमक्या त्याच क्षणी आंटींनी मागून हात घालून त्याच्या तोंडात केकचा एक मोठा तुकडा कोंबला, आणि सिल्वेस्टर ओरडले, "तो ट्रक बघ! मार ओव्हरटेक! पिकअप बघ तिचा!"

गाडी अशी काही झेपावली, की विनीतच्या तोंडातला केक आपोआप गिळला गेला. शहापूर मागे पडलं. पण आता त्याला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. गाडी लोण्यासारखी पळत होती, डिझेलचा काटा जागचा हलत नव्हता. लांबलचक बोगद्यात शिरल्यावर सान्वी आनंदाने किंचाळली. मग सिल्वेस्टर किंचाळले. मग दोघांनी मिळून बोगदा संपेपर्यंत आरोळ्या ठोकल्या.

इगतपुरीला बाहेर पडल्यावर विनीतने गाडी बाजूला घेतली. "अंकल, झालं. मला पसंत आहे. आता परत जाऊ या."

"जाऊ की. फक्त तेवढं डावीकडे घे. गल्लीत टर्निंग कसं मारते बघ."

गल्लीच्या टोकाला एक बैठं घर होतं. फाटकात एक तरुण बाई कडेवर तान्हं बाळ घेऊन उभी होती. गाडी थांबायच्या आत आंटी उतरल्या आणि धावल्या.

"आले गं ग्रेस, माझ्या लेकी! दे, दे त्याला इकडं!"

ग्रेसचा नवरा जॉर्डन बाहेर आला आणि सराईतपणे डिकी उघडून पोतं उतरवू लागला. "या, या. हात धुवून घ्या, जेवण तयार आहे. या वेळी फॅमिली आहे, छान झालं. मागच्या वेळचा डेंटिस्ट होता, बिचारा जेवलाच नाही."

"मागच्या वेळचा म्हणजे?" विनीतने विचारलं.

जॉर्डनने सिल्वेस्टरकडे पाहिलं. सिल्वेस्टर टायर बघू लागले.

"म्हणजे... डॅडींनी तुम्हाला सांगितलं नाही? डोळ्यांमुळे डॉक्टरनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलंय. आम्ही म्हणतो टॅक्सी पाठवतो, तर म्हणतात अनोळखी माणसाबरोबर नाही येणार."

"आपल्या गाडीत बसला की तो अनोळखी राहतो काय?" सिल्वेस्टर पुटपुटले.

विनीत ताडताड चालत फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. संचिता मागोमाग आली.

"आपला मामा केला गं त्यांनी! डिझेल माझं, ड्रायव्हर मी!"

"मला पाळण्यालाच कळलेलं," संचिता म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"कळल्यावर मला बाळ बघायचं होतं ना. अरे, आत बघ तरी."

विनीतने वळून पाहिलं. ओसरीवर सिल्वेस्टर नातवाला अगदी डोळ्यांशी धरून बसले होते. धूसर दिसणारा चेहरा नीट दिसावा म्हणून त्याला जवळ आणत, लांब नेत, पुन्हा जवळ आणत होते. सान्वी त्यांना सांगत होती, "आजोबा, त्याचं नाक तुमच्यासारखंच आहे." तेवढ्यात स्वयंपाकघरातून तळणीत टम्म फुगणाऱ्या पिठाच्या गोळ्यांचा, फुग्यांचा वास आला, आणि विनीतचा राग पोटातूनच विरघळायला लागला.

जेवताना त्याने सरळ विचारलं, "अंकल, गाडी विकायची आहे की नाही?"

"विकायची आहे रे. उभी राहून सडेल ती." सिल्वेस्टरनी फुगा रश्श्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "पण विकली की आमचं येणं बंद. म्हणून प्रत्येकाला शेवटी किंमत जास्त सांगतो."

विनीत हसायला लागला. "अहो, मला रोज इथेच यायचंय! शनिवारीसुद्धा. दर शनिवारी सकाळी ओवळ्याला येऊन तुम्हाला उचलतो, इथे सोडतो, संध्याकाळी परत नेतो. आता किंमत सांगा, खरी."

सिल्वेस्टरनी आंटीकडे पाहिलं. आंटींनी मान हलवली, डोळे पुसले आणि विनीतच्या ताटात न विचारता आणखी मटण वाढलं. सौदा झाला.

परतताना गाडीत सान्वी झोपली, आंटी गुणगुणत होत्या. ओवळ्याच्या पंपावर टाकी पुन्हा फुल केली, तेव्हा अ‍ॅव्हरेज विनीतच्या अपेक्षेपेक्षा जास्तच निघालं. तो नळीवाल्याला मिठी मारायचाच बाकी होता.

एवढ्यात सिल्वेस्टरचा फोन वाजला.

"हॅलो? हां, ती पांढरी डिझेल... नाही बाबा, ती गेली. आजच गेली. चांगल्या माणसाला गेली." त्यांनी विनीतकडे पाहून हात उंचावला. मग पंपाच्या दिव्यांपासून दूर जात त्यांनी आवाज खाली आणला.

"पण माझ्या भावाची एक आहे. तीपण डिझेल, एकदम मस्त. फक्त तिची टेस्ट जरा लांबवर घ्यावी लागेल. त्याची मुलगी गोव्याला असते."