भातकुलीचं माय विद्यापीठ

जमिनीत काहीच उगवेनासं झालं की तिच्यावर शिक्षणसंस्था काढावी, हा वऱ्हाडातल्या शेतीशास्त्राचा शेवटचा आणि सर्वांत यशस्वी नियम आहे. कापसाला बोंडअळी लागते, संत्र्याला कोळशी लागते. कॉलेजला कीड लागल्याची कृषी खात्याकडे आजवर नोंद नाही. शिवाय पाणी लागत नाही. ज्या तीन वर्षांत दिल्ली-मुंबईहून शेतीची अवस्था पाहायला अकरा समित्या येऊन गेल्या, त्याच तीन वर्षांत अमरावती-दर्यापूर भागात नऊ डी.एड. कॉलेजं उभी राहिली. (समित्यांच्या गाड्या या कॉलेजांच्याच फाटकांसमोर वळत. दुसरीकडे वळायला जागा नव्हती.)

भातकुलीच्या खुशालरावांना दहावं डी.एड. काढणं कमीपणाचं वाटलं. त्यांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये अरबस्तानातल्या एका खासगी विद्यापीठाचा 'वऱ्हाड परिसर' सुरू केला. विकास टप्प्याटप्प्यानं झाला. पहिल्या टप्प्यात फाटक बांधलं. दुसऱ्यात ते मोठं केलं. तिसऱ्यात खजुराची चाळीस झाडं लावली. ती काळ्या मातीत पहिल्याच श्रावणात मुळासकट कुजली. चौथ्या टप्प्यात त्यांच्या जागी शिंदीची लावली, ती लांबून खजुरासारखीच दिसतात. फाटकावरची अरबी अक्षरं बरोबर आहेत का, हे सांगायला कुणीतरी हवं, असं पाचव्या टप्प्यात लक्षात आलं आणि सुरैय्याची नेमणूक झाली.

सुरैय्या अकोल्याची. वडील अब्दुल सत्तार यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. अरबीत एम.ए. करून तिनं नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं होतं. इथं ती पहिल्याच दिवशी विभागप्रमुख झाली. (विभागात एकटीच असल्यामुळे मतभेद नव्हते.) नेमणुकीच्या पत्रात तिचं काम 'अरबी वातावरण निर्माण करणे' असं लिहिलं होतं. तिनं त्याचा अर्थ 'शिकवणे' असा लावला. ही चूक पुढं सगळ्यांना भोवली.

एक्केचाळीस पोरंपोरी काळी-पिवळी जीपमधून लटकत यायची. सुरैय्या दहाला व्याकरण घ्यायची, बाराला श्रुतलेखन, दोनला संभाषण. यातलं काहीही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नव्हतं. सर्वांत हुशार होती जानरावांची पौर्णिमा. अरबीत एक अक्षर अगदी गळ्याच्या तळातून काढावं लागतं. त्याच्यासाठी शहरातली मुलं महिनाभर खोकतात. पौर्णिमाला ते दुसऱ्याच दिवशी आलं.

"मॅडम, वावराच्या धुऱ्यावरून बैलाले हाक मारतो ना आमी, थेच हाय हे," ती म्हणाली.

दोन वर्षं झाली. अभ्यासक्रम संपला आणि पोरं विचारू लागली, "मॅडम, डिग्री कवा भेटते?" सुरैय्यानं खुशालरावांना विचारलं. खुशालरावांनी अरबस्तानाला पत्र टाकलं. उत्तर आलं, "आम्ही स्वतःच येत आहोत."

आले तिघं. कुलसचिव डॉ. फवाज आणि बरोबर दोन प्राध्यापक. (प्राध्यापक प्रवासानं थकले होते. ते परत जाईपर्यंत थकलेलेच राहिले.) खुशालरावांनी बँड लावला, फेटे बांधले. दुभाषी अर्थात सुरैय्या.

"आज मायच लेकराच्या घरी आली," खुशालराव हात जोडून म्हणाले.

सुरैय्यानं भाषांतर केलं. डॉ. फवाज लाजले आणि म्हणाले, "छे, छे. लेकरं आईच्या दर्शनाला आली आहेत."

सुरैय्यानं तेही सांगितलं. खुशालराव शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "पाय, एवढा मोठा मानूस, पण घमेंड नाई." हा नम्रपणा नाश्ता होईपर्यंत दोन्ही बाजूंनी चालला. चहा आल्यावर डॉ. फवाज यांनी घसा खाकरला. त्यांच्याकडे तीनशे बारा विद्यार्थी दोन वर्षांपासून थांबले होते. भातकुलीहून पदव्या केव्हा मिळतील, हे विचारायला ते आले होते.

सुरैय्याला वाटलं, आपलंच अरबी कच्चं. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

दोन्ही बाजूंनी करार निघाले. खुशालरावांकडे इंग्रजी प्रत होती, तिच्यात मुख्य विद्यापीठ अरबस्तानात होतं. डॉ. फवाज यांच्या अरबी प्रतीत भातकुलीपुढे 'अल-उम्म' असं ठळक लिहिलं होतं.

"म्हंजे काय हो, बाई?" खुशालराव म्हणाले.

"आई, भाऊसाहेब. आई आपून हाओत. ते शाखा."

"आपून माय?" खुशालरावांनी भिंतीवरच्या उडालेल्या पोपड्यांकडे पाहिलं. "मले तर कोनी सांगतलंच नाई!"

करार जमवणाऱ्या दलालानं दोघांनाही सांगितलं होतं, की समोरचं विद्यापीठ फार मोठं आहे. त्याचा फोन लावला. तो बंद होता. भातकुलीला मान्यता होती, कारण तिकडे आई होती. तिकडे मान्यता होती, कारण आई भातकुलीला होती. दोन्ही मान्यता पूर्णपणे कायदेशीर होत्या, फक्त एकमेकींच्या खांद्यावर उभ्या होत्या.

खुशालराव आणि डॉ. फवाज सावरले आणि तोडगा काढायला बसले. सुरैय्या मात्र उठून उभी राहिली. खिडकीबाहेर एक्केचाळीस पोरं इस्त्रीचे कपडे घालून उन्हात उभी होती.

"भाऊसाहेब, दोन्हीकडून शाखाच. मंग खोड कुठी हाय?" आणि मग डॉ. फवाज यांच्याकडे वळून ती अरबीत म्हणाली, "साहेब, कागद राहू द्या. माझ्या मुलांची परीक्षा घ्या. आत्ता."

डॉ. फवाज मुळात व्याकरणाचे शिक्षक. कुलसचिव झाल्यापासून सहा वर्षांत त्यांनी फक्त फॉर्म भरले होते. ते उठून वर्गात गेले. खडू हातात आला तसा त्यांचा चेहराच बदलला. एकेकाला बोलावून त्यांनी वाचायला लावलं, लिहायला लावलं, चुकवायला पाहिलं. जेवण निवलं, बँडवाले निघून गेले, तरी ते उठेनात. शेवटी पौर्णिमा आली.

"वडील काय करतात?" त्यांनी विचारलं.

ती अरबीत म्हणाली, "पेरतात. मग वाट पाहतात."

एवढ्याशा वाक्यात व्याकरणाची चूक निघते का, हे त्यांनी जरा वेळ शोधलं. मग चष्मा काढून पुसला. "आमच्याकडची मुलं आता इंग्रजीतूनच सगळं शिकतात," ते सुरैय्याला म्हणाले. "इथं शिक्षक असेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. करारात तसा उल्लेख नाही."

त्यांनी एक्केचाळीस पत्रं स्वतःच्या हातानं लिहिली: या विद्यार्थ्याला अरबी येतं, मी तपासलं आहे. त्या विद्यापीठाच्या इतिहासातला हा पहिलाच खरा कागद. सुरैय्यानं शाई वाळेपर्यंत एकेक पत्र उघडं धरून ठेवलं. खुशालरावांनी पत्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर शिक्का कावून नाई?"

निघण्यापूर्वी अधिकृत ठराव झाला, तो असा: सम वर्षी भातकुली आई राहील, विषम वर्षी अरबस्तान, आणि दोघी एकमेकींच्या पदव्या मानतील. दोन्ही बाजूंनी टाळ्या झाल्या. थकलेल्या प्राध्यापकांनी अनुमोदन दिलं.

ते वर्ष सम होतं. 'अरबी विद्यापीठाचे मुख्यालय भातकुलीत' अशी बातमी छापून आली आणि जूनमध्ये अर्ज तिपटीनं वाढले. मोर्शीपासूनचे लोक रांगेत उभे. सुरैय्या प्रवेशाच्या टेबलाशी बसली होती. आईबाप विचारत होते: जीप फाटकापर्यंत येते का? होस्टेलात कूलर आहे का? ड्रेस कोणत्या रंगाचा? पदवीवर अक्षरं सोनेरी असतात का? सकाळपासून ती एका प्रश्नाची वाट पाहत होती. इथं शिकवतं कोण, हे शेवटच्या माणसापर्यंत कुणीच विचारलं नाही.

त्या लोकांना नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. पौर्णिमाचं पुढं काय झालं, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत? तुमचंही सगळं लक्ष माय कोण ठरते, इकडंच होतं.