डबल सिलिंडर

ट्रेलरला दुसरी टाकी बसवायची, एवढंच कुमार सबनीसने ठरवलं होतं. त्यात भुताखेतांचा काही संबंध येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रिटायर व्हायला आल्यावर माणसं गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात. अमेरिकेत, रेडमंडला राहणाऱ्या कुमारने ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची एक खोली. तिच्यात पलंग, शेगडी, बुटका फ्रिज आणि अंग चोरून उभं राहिलं तर मावेल अशी मोरी. शेगडी, फ्रिज, हीटर, गरम पाणी, सगळं चालायचं प्रोपेन गॅसवर, आणि गॅसची पांढरी टाकी बाहेर, पुढच्या दांड्यावर बसवलेली.

पहिल्याच ट्रिपला समुद्रकाठी, धो धो पावसात, ऐन पुऱ्या तळताना गॅस संपला. कढईतली पुरी फुगता फुगता थांबली. हीटरही थांबला. त्याच्या बायकोने, रेखाने, दोन स्वेटर, एक शाल आणि वरून कुमारचा रेनकोट घालून रात्र काढली आणि सकाळी अगदी शांतपणे सांगितलं, "एक चान्स देते. पुन्हा अशी गारठले ना, तर ट्रेलर देवांगला देऊन टाकायचा. तो कधीचा मागतोय."

(देवांग हा मागच्या गल्लीतला मित्र. त्याच्याकडे दांडगा ट्रक होता आणि मागे ओढायला काहीच नव्हतं.)

रेखा चिडून बोलली की कुमार घाबरत नसे. शांतपणे बोलली की घाबरे. आणि ट्रेलरवर त्याचा जीव जडला होता. ऑफिसात त्याचं मत आता कोणी विचारत नव्हतं, घरात तर पूर्वीही विचारत नव्हतं. ही एवढीशी खोलीच काय ती अशी होती, जिथे कुठला नट कुठे आहे ते फक्त त्याला माहीत होतं.

"दुसरी टाकी बसवतो," तो म्हणाला. "डबल सिलिंडर! मग काय बिशाद आहे गॅस जायची!"

शिकागोहून लेकीचा, उर्वीचा फोन आला. "बाबा, प्लीज, हायर समवन."

"अगं, मी इंजिनिअर आहे!"

(सॉफ्टवेअरचा. पण हे तो अशा वेळी सांगत नसे.)

खरं सांगायचं तर काम त्याने झकास केलं. टाकी दांड्यावर घट्ट बसवली, नळ्या जोडल्या, मधोमध ऑटोमॅटिक रेग्युलेटर लावला. एक टाकी संपली की हा आपोआप दुसरीवर जातो, त्याच्या काचेत हिरव्याचं लाल होतं, आत कोणाला पत्ताही लागत नाही. रेखाने सगळ्या जोडांना भांड्यांच्या साबणाचं पाणी फासायला लावलं. एकही बुडबुडा फुगला नाही. मग महिनाभर, येईल त्या पाहुण्याला ड्राइव्हवेमध्ये हीटर लावून दाखवण्यात आला.

त्याचं हे वेड समजायचं तर मिरज माहीत हवी. कुमारच्या लहानपणी तिथे डबल सिलिंडरवालं घर म्हणजे सुखवस्तू घर. दुसरा, भरलेला सिलिंडर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सील न तोडता उभा असे, आणि त्याच्या जिवावर कुमारची आई दिवाळीला अख्ख्या गल्लीला फराळाला बोलवे. पहिला पुरता संपेपर्यंत दुसऱ्याला बोट लावलेलं आईला खपत नसे. एकदा कुमार त्याच्यावर चढून बसला होता, तर दोन दिवस त्याला लाडू मिळाला नव्हता. असे संस्कार पासपोर्ट बदलला म्हणून जात नाहीत.

नोव्हेंबरमध्ये दोघं डोंगरातल्या कॅम्पग्राउंडला निघाले. रेखाने चिवड्याचे दोन डबे घेतले होते. पहिला कुमारने वाटेतच संपवला.

पोचले तेव्हा दुपार होती, पण तसं वाटत नव्हतं. उंच उंच झाडांच्या शेंड्यांपर्यंत धुकं भरलं होतं. सगळ्या जागा रिकाम्या. कुठे धूर नाही, कुत्रं नाही, पाखरू नाही. पाऊस थांबला होता, तरी झाडांवरून पाणी ठिबकत होतं, कोणी मागून दबकत चालत यावं तसं. फाटकाशी पांढरा रेनकोट घातलेली एक म्हातारी भेटली. ती तिथली देखरेख करायची.

"यू आर द ओन्ली वन्स हिअर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वेल… मोस्टली."

आणि धुक्यात गेली.

"मोस्टली म्हणजे काय रे?" रेखाने विचारलं.

"अस्वलं असतील," कुमार म्हणाला. त्याला वाटलं, यात धीर देण्यासारखं काहीतरी आहे.

आत मात्र छान ऊब होती. रेखाने चहा टाकला, मग भाजणीचं थालीपीठ लावलं. कुमार पलंगावर लोळत, देवांगला पाठवायला फोटो काढत होता. सगळं इतकं सुरळीत होतं, की त्याने "बघ" म्हणायला तोंड उघडलं.

शेगडीची ज्योत बारीक झाली. निळी, आणखी निळी, आणि फुंकर मारावी तशी गेली.

"तू बंद केलीस?"

"मी हातही लावला नाही," रेखा म्हणाली.

इतक्यात पलंगाखालून आवाज आला. टक. टक. टक. नखाने पत्रा वाजवावा तसा. मग एक लांब सुस्कारा, आणि दोघांच्या घोट्यांवरून गार श्वास गेला. अगदी बर्फासारखा.

"कुमार."

"अं?"

"खाली कोणीतरी आहे."

टक टक टक. आता फ्रिजच्या मागून. मग भिंतीच्या पलीकडून, बाहेरून. टक टक टक. मोरीशेजारच्या पट्टीवर एक लाल दिवा डोळ्यासारखा उघडला. फ्रिजने बारीक आवाजात कण्हायला सुरुवात केली. आणि पुन्हा पलंगाखालून तो श्वास, पायांवरून पोटऱ्यांपर्यंत.

रेखा रामरक्षा म्हणायला लागली. कुमारही म्हणायला लागला, पण त्याला दुसऱ्या ओळीपुढे येत नसल्यामुळे त्याच दोन परत परत म्हणत राहिला.

"बाहेर जाऊन बघ ना!" रेखा म्हणाली.

"दोघं जाऊ."

"इंजिनिअर कोण आहे?"

कुमार टॉर्च घेऊन उतरला. धुकं आता दारापर्यंत आलं होतं. हाताने ट्रेलरचा पत्रा चाचपत तो पुढच्या दांड्यापाशी गेला आणि टॉर्च वर केला.

नव्या पांढऱ्या टाकीवर रक्ताची बोटं उमटली होती. पाच. त्यांतून लाल ओघळ खाली येत होते.

त्याची किंकाळी मिरजेपर्यंत गेली असेल. तो मागे सरला आणि पाठ कसल्यातरी मऊ गोष्टीला टेकली. वळून बघतो तर पांढरं शुभ्र, बिनडोक्याचं!

"एव्हरीथिंग ओके, हनी?" ते म्हणालं. रेनकोटची टोपी डोक्यावरून मागे सारून म्हातारी बाहेर डोकावली. कुमारने दुसरी किंकाळी मारली. तीही तिने सौजन्याने ऐकून घेतली.

तोवर रेखा लाटणं घेऊन धावत आली होती. कुमारने टाकीकडे बोट केलं. "रक्त!"

"कुंकू आहे ते," रेखा म्हणाली. "निघताना तू किल्ली शोधत होतास तेव्हा लावलं. नवीन वस्तू, हळदीकुंकू नको का लावायला? पावसाने ओघळलंय."

म्हातारीने टॉर्च घेतला आणि रेग्युलेटरच्या काचेवर धरला. काच लाल होती. मग ती पहिल्या टाकीला टिचकी मारून म्हणाली, "दिस वन इज एम्प्टी." बिचारे हीटर, फ्रिज आणि गीझर गॅस नाही म्हणून पेट घ्यायची धडपड करत होते, टक टक टक, गीझरचा लाल दिवा त्याचीच तक्रार करत होता, आणि हीटरचा पंखा नुसतीच गार हवा फेकत होता.

"पण दुसरी भरलेली आहे ना?" रेखाने विचारलं. "आपोआप सुरू होणार होती ना?"

कुमार नळीचा जोड उगाच चाचपायला लागला.

"कुमार, हिचा नॉब उघडला होतास?"

"अगं," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "स्पेअर कोण उघडून ठेवतं?"

मग रेखाने पुढे होऊन नॉब फिरवला. आत हीटर भक् करून पेटला, लाल दिवा मिटला, आणि उघड्या दारातून ऊब त्यांच्या तोंडावर आली. म्हातारी थालीपीठ खायला आत आली. "मोस्टली म्हणजे मी आणि माझी मांजर," असं तिने खाता खाता सांगितलं आणि दुसरं मागितलं.

ती गेल्यावर कुमारने जीव मुठीत धरून विचारलं, "मग… देवांगला फोन करायचा का?"

रेखाने पाय हीटरपुढे पसरले. "नको. भूत आहे असं वाटलं तरी बाहेर गेलास, हे काही कमी नाही. ट्रेलर राहू दे. आजपासून टाक्या मात्र माझ्याकडे."

कुमारला इतका आनंद झाला की त्याला सपाटून भूक लागली. थालीपिठं म्हातारीने संपवली होती. त्याने फळीवरच्या चिवड्याच्या दुसऱ्या डब्याकडे हात नेला.

"अंहं," रेखा डोळे मिटूनच म्हणाली. "तो स्पेअर आहे."