पॅडला हात लावायचा नाही

साहेबांच्या निरोपसमारंभासाठी त्यांचं चित्र मीच काढणार, असं हेडक्लार्कनं ऑफिसात जाहीर करून टाकलं. फोटो काय, कुणीही काढतं म्हणे! चित्र मीटिंग हॉलमध्ये कायमचं लागणार, खाली सही याची. (गेली वीस वर्षं याची सही फक्त हजेरीपटावर दिसायची, तीही उशिराच्या रकान्यात.)

मग चारकोलच्या चित्रांचा खास पॅड आला. जाड, खरखरीत कागद. घरी टेबलावर मांडून त्यानं फर्मान सोडलं, "याला कुणी हात लावायचा नाही."

"वहीच ना ती?" बायको म्हणाली.

"वही? तुला काय कळतंय कागदातलं!"

एवढं बोलून कलाकार सोफ्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. बायकोनं बहिणीला फोन लावला. बोलता बोलता पॅड पुढ्यात ओढला, हातात बॉलपेन आलं. नवऱ्याचा विषय निघाला तसा पेनाचा जोर वाढत गेला. तासाभरानं फोन ठेवला आणि तेवढं पान फाडून टाकलं.

रविवारी साहेब नवा कोट घालून याच्या घरी आले आणि समोर बसले. यानं एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला, मान तिरकी केली, सगळी सोंगं झाली. अर्ध्या तासानं कागदावर एक बटाटा उमटला. बटाट्याला मिशा होत्या.

"शेडिंग राहिलंय, साहेब," म्हणत त्यानं चारकोलची कांडी आडवी धरली आणि बटाट्यामागची मोकळी जागा काळी करायला घेतली.

झालं! पेनाचे चर खालच्या पानावर उतरले होते आणि त्यांत काही चारकोल शिरेना. काळ्यातून पांढऱ्या रेघा वर यायला लागल्या. आधी वासलेलं तोंड. मग बनियन, पोट, सोफ्यावरून लोंबणारा पाय. तो घाईघाईनं पुसायला गेला, तर कोळसा पसरून उरलेलंही स्पष्ट झालं. खाली ठसठशीत अक्षरं: 'कागदातलं कळणारे'.

"कागद डिफेक्टिव्ह दिसतोय, साहेब..."

साहेब उठून जवळ आले आणि खुर्ची धरून हसत सुटले. "अहो, हे तर हुबेहूब तुम्ही! दुपारी ऑफिसात अस्सेच असता. कुणी काढलं?"

दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बायकोनं ट्रे खाली ठेवला. "मी... फोनवर बोलताना सहज..."

"वहिनी, माझं काढाल?"

समारंभात चित्र लागलं. साहेब अगदी साहेबच दिसत होते, खाली सही वहिनींची. भाषणात साहेबांनी हेडक्लार्कचेही जाहीर आभार मानले.

"कागद मात्र यांनी उत्तम आणला. कागदातलं कळतं हो यांना!"