दत्तूने केलेली स्तुती

"शाल, सन्मानचिन्ह आणि गुलाबांचा मोठा गुच्छ," सुगत म्हणाला. "एकदम जोरात करतोय आजी. जीवनगौरव सत्कार!"

"ते समजलं," कलावतीबाई म्हणाल्या. "माझी बारी किती वाजता?"

"कसली बारी?"

"गाण्याची रे. मला स्टेज कधी देणार?"

सुगतने निशाकडे पाहिलं. निशा म्हणजे कलावतीबाईंची नात. गोदामातली ड्युटी संपवून ती नुकतीच आली होती आणि उभ्या उभ्याच चहात बटर बुडवत होती. तिने खांदे उडवले.

"आजी, तुम्ही गायचं नाहीये," सुगत मऊ आवाजात म्हणाला. "तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं. सत्कारमूर्ती आहात ना तुम्ही."

"मूर्ती व्हायला अजून टाइम हाय मला."

सुगत कामतघरच्या मंडळाचा नवा अध्यक्ष होता. पोरगा गुणी, पण त्याचा जन्म झाला तोवर कलावतीबाईंची गायन पार्टी मोडत आली होती. त्याने त्यांना फक्त नळावर बायकांना रांगेत उभं करताना ऐकलं होतं. त्या आवाजावर एकेकाळी दोन-दोन हजार माणूस पहाटेपर्यंत बसून राहायचं, हे त्याला ऐकून माहीत होतं. पण ऐकून माहीत असणं वेगळं.

तो आवाज घडला कसा, तर घराच्या भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना होता. खडखडाट थांबत नसे. पोरीने पोळी मागितली तरी ती वरच्या पट्टीत मागावी लागे. त्याच पट्टीत कलावतीबाई पुढे गायल्या. एप्रिल उजाडला की त्यांची पार्टी घराबाहेर पडायची. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे टाळ्या वाजवणाऱ्या चौघी. आज शहापूर, उद्या इगतपुरी, परवा गणेशपुरीकडचं एखादं खेडं. कुठे ट्रकचा फाळका पाडून स्टेज, कुठे शाळेची बाकं जोडून. मग डीजे आला. ढोलकीवाला गोदामावर वॉचमन झाला, पेटीवाला मुलाकडे राहायला गेला, आणि टाळ्यावाल्या बायका नातवंडांच्या तालावर लागल्या. कलावतीबाई मात्र रोज सकाळी भांडी घासता घासता सूर लावायच्या. पार्टी मोडली होती, गायिका मोडली नव्हती.

"जा बाबा," त्या सुगतला म्हणाल्या. "तुझी शाल दुसऱ्या कुणाला घाल. आमच्यात शाल घातली म्हणजे माणूस घरी बसला असं समजतात."

सुगत उठला. चप्पल घालता घालता हळहळून म्हणाला, "दिघाशीच्या दत्तू गायकांना खास बोलावलंय हो. तेच बोलणार होते तुमच्यावर."

कलावतीबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"दत्तू? बोलणार? माझ्यावर?"

"हो. आणि केसरीनाथशेठ पण पुढे बसणार आहेत."

"आधी सांगायचंस ना! बस, बस. निशा, ह्याला अजून अर्धा कप दे."

केसरीनाथ हा गावोगावच्या कार्यक्रमांना पार्ट्या ठरवून देणारा माणूस. हळद असो, जयंती असो, गायक लागला की लोक त्याच्याकडे जात. यंदा काही गावांनी डीजे बंद करून दोन गायकांचा जुना सामना ठेवायचं ठरवलं आहे आणि केसरीनाथ बाईची पार्टी शोधतो आहे, हे कलावतीबाईंच्या कानावर आलं होतं. आता नुसतं त्याच्या समोर एकदा उभं राहायचं होतं.

दत्तू त्यासाठी हवाच होता. तीसेक वर्षं सामना म्हटला की एका बाजूला दत्तू आणि दुसऱ्या बाजूला कलावती. सामन्याची रीतच अशी, की आधी वंदना, मग बाबासाहेबांवरची गाणी, आणि रात्र चढली की दोन्ही गायकांनी एकमेकांची गाण्यातून सालं काढायची. दत्तू त्यांना 'कामतघरची कावळी' म्हणायचा. त्या त्याला 'दिघाशीचा भोंगा' म्हणायच्या. लोक लोटपोट व्हायचे. आणि सकाळी तोच दत्तू त्यांची पेटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत यायचा, त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी खायचा आणि म्हणायचा, "रात्री 'खरकटी कढई' म्हणालीस, ते झ्याक व्हतं गो."

पण हे सकाळी, एसटीत. स्टेजवर कधीच नाही. स्टेजवर समोरच्याची स्तुती करायची नाही, हा सामन्याचा पहिला नियम. स्तुती केली म्हणजे आता ह्याच्याशी लढण्यात अर्थ नाही, असं जाहीर केलं. रामू गायकाचं तसंच झालं होतं. वाड्याच्या सामन्यात समोरच्याने दया येऊन भर स्टेजवर त्याला 'आमचे गुरुतुल्य' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रामूला कुणी सुपारीच दिली नाही. बिचारा शेवटपर्यंत गुरुतुल्यच राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी कलावतीबाईंनी कोमट पाण्यात हळद टाकून गुळण्या केल्या. पांढरीशुभ्र, निळ्या काठाची साडी नेसल्या.

"आजी, सत्कार घ्यायचाय, युद्धाला नाही चाललो आपण," निशा म्हणाली.

"गप. दत्तू पहिला वार करील, की लगेच मी उठणार. तू फक्त केसरीनाथच्या तोंडाकडं लक्ष ठेव."

संध्याकाळी विहारासमोरचं मैदान भरलं होतं. वंदना झाली. सुगतने शाल घातली, गुच्छ दिला, फोटो झाले. कलावतीबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, चढाईला निघालेल्या खेळाडूसारख्या. निशा त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. मग दत्तूचं नाव पुकारलं. दत्तू उठला. पाठीत वाकला होता, मिशी पांढरी झाली होती. त्याने खिशातून चष्मा काढला, मग एक घडी केलेला कागद काढला.

कागद! दत्तूने आयुष्यात कधी कागद पाहून सामना केला नव्हता.

"आदरणीय कलावतीताई," दत्तू वाचू लागला.

ताई!

"कलावतीताई ह्या आपल्या परिसराचं भूषण हायेत. त्यांचा मधुर सूर म्हंजे जनू... जनू..." त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, "निर्झर. आता त्या आपल्या जीवनाच्या सायंकाळी शांत, समाधानी..."

पहिल्या रांगेत केसरीनाथने मान हलवली. समजूतदारपणे हलवली. मयताला आलेला माणूस हलवतो तशी. आणि खिशातून मोबाइल काढून तो त्यात बघू लागला.

"निशे, बघितलंस?" कलावतीबाई म्हणाल्या.

"बघितलं. आजी, बस. आजी!"

कलावतीबाईंनी शाल निशाच्या अंगावर टाकली, तीन ढांगांत माइक गाठला आणि दत्तूच्या हातून ओढून घेतला.

"थांब रे भोंग्या! कोण शांत? कोण समाधानी?" आणि ढोलकी नाही, पेटी नाही, तशाच वरच्या पट्टीत सुरू झाल्या,

"चष्मा लावून कागद वाचतो, कुठं गेली रे तान?
दिघाशीचा भोंगा म्हणे हा, वाजतंय पिंपळपान!"

मैदान गार पडलं. मागच्या बाजूला बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी मात्र "वाऽऽ!" केलं. दत्तू आधी दचकला. मग त्याने कागद चुरगळून टाकला, चष्मा काढला, आणि पाठीतला बाक कुणी इस्त्रीने काढावा तसा सरळ झाला.

"पानाला हसते कावळी बघा, बसून तारंच्या वर,
काव काव ऐकून पाव्हना पळाला, सोडून आपलं घर!"

"हाय! आता कसा बोललास!" कलावतीबाई आनंदाने ओरडल्या.

पण तो आनंद आहे हे कळायला सामना पाहिलेला असावा लागतो. सुगतच्या वयाच्या कुणीच तो पाहिला नव्हता. त्यांना एवढंच दिसलं, की सत्काराला बोलावलेली आजी प्रमुख वक्त्यावर धावून गेली आणि प्रमुख वक्ता तिला भर सभेत कावळी म्हणाला.

"माइक बंद करा! माइक बंद!" सुगत ओरडला.

माइक बंद झाला. त्याने काहीच फरक पडला नाही, उलट दोघांनी पट्टी आणखी वर नेली. मंडळाची पोरं स्टेजवर चढली. एकाने कलावतीबाईंचे हात धरले, "आजी, बीपी वाढेल." दुसऱ्याने दत्तूला मागून मिठी मारली. ते पाहून दिघाशीहून दत्तूबरोबर टेम्पोने आलेली पोरं उठली.

"ए, आमच्या आज्याला हात लावतो काय?"

"तुमचा आजा बाईमाणसाला कावळी बोलतो, ते चालतं?"

"तुमच्या आजीनी पयला भोंगा बोलला!"

"भाऊ, धक्का नाय मारायचा!"

"अरे, कोण मारतंय धक्का?"

खुर्च्या सरकल्या, एक मोडली, गुच्छातले गुलाब पायाखाली आले. मधे सापडलेले दोघे म्हातारे हात धरलेले असतानाही मानेने ताल देत गातच होते. शेवटी बंदोबस्ताचे हवालदार आले. त्यांना भांडणाचं मूळ कोण हे विचारावंच लागलं नाही. ते दोघांना घेऊन चौकीत गेले.

चौकीत त्यांनी दोघांना एका बाकावर बसवलं, आणि मग विचार करून दोन बाकांवर बसवलं.

"हां मावशी, वाद कधीपासूनचा आहे?"

"पन्नासेक वर्षं झाली असतील."

"बाप रे! जमिनीचा?"

"नाही ओ. गाण्याचा."

"म्हणजे आधीपण शिवीगाळ झालीय?"

"लय वेळा," दत्तू अभिमानाने म्हणाला. "नाशकाला तर सकाळपर्यंत चालली व्हती."

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मावशी, ह्यांनी तुम्हाला कावळी म्हटलं. तुमची तक्रार आहे?"

"हाय ना. पुढच्या कडव्यात ताल सुटला त्याचा. पूर्वी असं व्हायचं नाही."

"ताल न्हाय सुटला! त्या पोरानी मिठी मारली तवा दम कोंडला माजा!"

"बघा साहेब, आता कारणं सांगतोय."

दारात सुगत, निशा आणि दोन्हीकडची पोरं उभी होती. केसरीनाथही गर्दीतून वाट काढत आत आला होता. हवालदारांनी सुगतला जवळ बोलावलं आणि आपल्या अनुभवाने मधला मार्ग काढला. दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे, हात जोडायचे, आणि घरी जायचं. प्रकरण संपलं.

"लगेच बोलतील," सुगत घाईघाईने म्हणाला. "आजी, बोला ना. दत्तूबाबा फार मोठे गायक आहेत, एवढंच बोला."

कलावतीबाई केसरीनाथकडे पाहत होत्या. त्याचा मोबाइल खिशात होता आणि नजर त्यांच्यावर होती.

"नाही बोलणार," त्या म्हणाल्या.

"अहो आजी, दोन शब्द!"

"एक पण नाही. ह्या माणसाबद्दल मी कधी चांगलं बोलले नाही आणि बोलणार नाही. रात्रभर बसवा मला इथं. मी उद्यापण बसेन. मला कामावर जायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही."

"आजी, मी आहे ना घरी," निशा म्हणाली.

"तू डबा घेऊन ये."

हवालदार दत्तूकडे वळले. "बाबा, तुम्ही तरी समजूतदार आहात. मघाशी किती छान भाषण करत होतात."

दत्तू खाली बघत बसला. मग हळूच, पण साऱ्या चौकीला ऐकू जाईल इतक्या हळू, कलावतीबाईंना म्हणाला, "पोरानी लिवून दिलं गो. बोलला, बाबा, आता वय झालंय, नीट बोलायचं. मला वाटलं, तुजाबी आवाज गेला आसंल. कुनी सांगितलंच न्हाय."

"कुणी विचारलंच नाही," कलावतीबाई म्हणाल्या.

मग दत्तूने मिशीवरून हात फिरवला आणि हवालदारांना सांगितलं, "साहेब, मीबी न्हाय बोलनार. हिच्याबद्दल चांगला शबुद माज्या तोंडून निघनार न्हाय. मगाशी निगाला ती चूक झाली. लिवून घ्या, चुकीबद्दल माफी मागतो."

"शिवी दिल्याबद्दल माफी?"

"न्हाय. निर्झर बोलल्याबद्दल."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. आता केसरीनाथ पुढे सरकला. "साहेब, ह्यांना सोडा. जबाबदारी माझी. मला दोघंही पाहिजेत."

"कशाला?"

"भांडायला."

हवालदारांना समजावायला केसरीनाथला बराच वेळ लागला. मधे मधे दोघे जण नमुने गाऊन दाखवत होते, म्हणून आणखी लागला. शेवटी हवालदार म्हणाले, "म्हणजे हे खोटं खोटं आहे?"

"अजिबात नाही!" कलावतीबाई आणि दत्तू एकदम म्हणाले. ते दोघे ज्या एका गोष्टीवर सहमत झाले, ती बहुधा हीच.

बाहेर आल्यावर दिघाशीची पोरं टेम्पो आणायला गेली. केसरीनाथ दारातच सुगतशी बोलत उभा होता, मंडळाने केलेलं डीजेचं बुकिंग रद्द करता येईल का म्हणून विचारत होता. दत्तू कलावतीबाईंच्या जवळ आला. त्याचे डोळे ओले होते.

"कला," तो म्हणाला, "खरं सांगू? आज तुजा आवाज इतका—"

"खबरदार!" कलावतीबाईंनी दटावलं. "केसरीनाथ ऐकतोय."

दत्तूने तो शब्द गिळला. क्षणभर विचार केला. मग छाती फुगवून, रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघतील अशा आवाजात ओरडला, "आवाज हाय का गोदामाचं गंजलेलं शटर गो तुजं!"

कलावतीबाई थबकल्या. इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. नवं होतं. आत्ता, त्यांच्यासाठी केलेलं होतं.

उत्तर त्यांच्या जिभेवर आलंच होतं. पण त्यांनी पदर खोचला आणि केसरीनाथकडे वळून विचारलं, "आधी तारीख सांगा."